दुकानदाराला कोणता नंबर द्यायचा?

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि बँक

प्रश्न : ताई, मी मिरजेत घरीच क्रोशाचं काम करते. तोरणं, बाळाच्या टोप्या, रुमाल वगैरे. ऑगस्टमध्ये एका परदेशी साइटवर फार सुंदर नमुने दिसले. ‘सात दिवस फुकट’ असं लिहिलं होतं, म्हणून मिस्टरांच्या क्रेडिट कार्डाचा नंबर भरला. दोन नमुने उतरवून घेतले आणि विसरून गेले. परवा स्टेटमेंट पाहिलं तर सलग तीन महिने २९-२९ डॉलर गेलेले. एकदाही ओटीपी आला नाही. मिस्टर काही बोलले नाहीत, पण माझ्या तीन तोरणांचे पैसे एका महिन्यात जातात, हे मला फार लागलं. मुलगी म्हणते, ‘व्हर्च्युअल कार्ड वापर.’ ते काय असतं? वेगळं कार्ड घ्यावं लागतं का? आणि गेलेले पैसे मिळतील का? — एक वाचक, मिरज

उत्तर : हे वाचत असाल तेव्हाच मिस्टरांचा फोन हातात घ्या. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर ‘इंटरनॅशनल’ असं लिहिलेलं बटण असेल, ते बंद करा. बाकीचं सगळं त्यानंतर. डिसेंबरचे २९ डॉलर तरी वाचतील.

मग त्या साइटवर जाऊन सभासदत्व रद्द करा आणि ‘रद्द झालं’ असं दाखवणाऱ्या पानाचा फोटो काढून ठेवा. शिवाय त्यांना एक ईमेलही पाठवा, दोन ओळींचा चालेल. त्यानंतर बँकेकडे डिस्प्युट फॉर्म, म्हणजे ‘ही वसुली मला मान्य नाही’ असं सांगणारा अर्ज. कार्ड मिस्टरांच्या नावावर आहे, तेव्हा अर्ज त्यांच्याच सहीने जायला हवा. सगळे पैसे परत येतील असं मी म्हणणार नाही. अटींवर खूण करून नंबर तुम्ही स्वतः दिला होता, त्यामुळे बँक याला चोरी मानत नाही, विक्रेत्याशी झालेला वाद मानते. पण अशा वादातही विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागायची रीतसर वाट असते, तिला आम्ही बँकवाले चार्जबॅक म्हणतो. त्याला मुदत असते, म्हणून फॉर्म पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता ओटीपी का आला नाही ते सांगते, कारण या प्रश्नाची मेख तिथेच आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी खातरजमा सक्तीची केली. आधी पासवर्ड होता, मग ओटीपी आला. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की ओटीपीशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत असं आपण धरून चालतो. पण ही सक्ती देशातल्या व्यवहारांसाठी होती. परदेशातला दुकानदार आणि त्याची बँक या नियमाबाहेर राहिली. तिथे कार्डावरचे सोळा आकडे, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढं पुरतं. तुम्ही ते एकदा दिलंत की पुन्हा तुम्हाला विचारायची त्याला गरज उरत नाही.

दर महिन्याच्या आपोआप वसुलीबद्दलही नियम आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकेने चोवीस तास आधी कळवायचं आणि तुम्हाला ‘नको’ म्हणायची सोय द्यायची. (१५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, हेही लक्षात ठेवा.) हा नियम परदेशी वसुलीलाही आहे. पण विक्रेत्याने तो व्यवहार ‘दरमहाचा’ म्हणून न नोंदवता नवी, सुटी खरेदी म्हणून पाठवला, तर बँकेच्या यंत्राला ते कळायला मार्ग नसतो. तुमच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतं.

एक माझीही गोष्ट सांगते, कारण तुम्हाला वाटतंय की चूक फक्त तुमचीच आहे. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा मुंबईत कार्डाच्या तक्रारींच्या टेबलावर. तिथे जाण्याआधी, २०१४ साली, सिंगापूरला जायचं म्हणून एका परदेशी साइटवर हॉटेल बुक केलं आणि डेबिट कार्ड वापरलं. ज्या खात्यात माझा पगार यायचा, त्याच खात्याचं. दोन महिन्यांनी पहाटे पावणेतीनला फोन तीनदा वाजला. तीन मेसेज, तिन्ही डॉलरमधले, मी कधी पाहिलेल्याही नाहीत अशा गावातले. एकसष्ट हजार गेले होते, खात्यात एकोणीसशे उरले होते. आठ दिवसांनी मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. ती भावाकडून उसने घेऊन भरली. माझे पैसे परत आले, पण चौऱ्याहत्तराव्या दिवशी. बँकेत असूनही.

त्या चौऱ्याहत्तर दिवसांनी मला शिकवलेली गोष्ट अशी की नंबर चोरीला जाणं आपल्या हातात नाही, कारण तो आपल्या पर्समधून जात नाही, दुकानदाराच्या कपाटातून जातो. त्या नंबरामागे किती पैसे ठेवायचे, हे मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. माझी आई कऱ्हाडच्या बाजाराला जाताना लागतील तेवढेच पैसे कनवटीला लावायची, बाकीचे घरी डब्यात. मी मात्र अख्खा डबा घेऊन बाजारात उभी होते.

व्हर्च्युअल कार्ड म्हणजे कनवटीचे पैसे. प्लास्टिक नसतं, फक्त नंबर असतो. सोळा आकडे, मुदत, सीव्हीव्ही, सगळं खऱ्या कार्डासारखंच. पण हा नंबर तुम्ही नेटबँकिंगमध्ये किंवा ॲपमध्ये त्या खरेदीपुरता तयार करता. किती रुपयांचा, तेही तुम्हीच ठरवता. दुकानदाराला हा नंबर दिसतो, मूळ खात्याचा किंवा कार्डाचा नंबर बँकेकडेच राहतो. खरेदी झाली किंवा मुदत संपली की नंबर मेला. पुढे कोणी तो चोरला तरी त्याच्यामागे काही नसतं. स्टेट बँकेच्या नेटबँकिंगमधलं व्हर्च्युअल कार्ड हे याचं जुनं उदाहरण. १०० पासून ५०,००० रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त ४८ तासांसाठी आणि एकाच खरेदीपुरतं. पैसे लगेच कापले जात नाहीत, खात्यात तेवढी रक्कम अडवून ठेवली जाते. खरेदी झालीच नाही तर ती आपोआप मोकळी होते. एचडीएफसी बँकेनेही ‘नेटसेफ’ नावाने अशी सोय फार आधी दिली होती. तुमच्या बँकेत आज ती कोणत्या नावाने, कोणत्या मेनूत आहे, किंवा आहे की नाही, हे शाखेत विचारा.

विचारताना एक घोटाळा टाळा. अनेक ॲपमध्ये ‘व्हर्च्युअल कार्ड’ म्हणून जे दाखवतात, ते तुमच्याच प्लास्टिकच्या कार्डाचं चित्र असतं. टपालाने कार्ड येण्याआधी वापरता यावं म्हणून दिलेलं. सोय चांगली आहे, पण नंबर तोच असेल तर संरक्षण शून्य. ओळखायची खूण सोपी आहे : शेवटचे चार आकडे जुळवून पाहा. हातातल्या कार्डाचे आणि पडद्यावरचे सारखेच असतील, तर ते तुमच्या मुलीला म्हणायचं असलेलं व्हर्च्युअल कार्ड नव्हे. माझ्या टेबलावर या एका गैरसमजापायी आलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

तुमचा नमुन्यांचा विक्रेता मात्र परदेशी आहे आणि आपल्याकडची एका खरेदीपुरती व्हर्च्युअल कार्डं अनेकदा परदेशी चलनात चालत नाहीत. मग काय करायचं? तेच इंटरनॅशनल बटण. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो पुरता लागू झाला. ऑनलाइन वापर, परदेशी वापर, नुसतं टेकवून पैसे देणं, हे सगळं चालू-बंद करायचा आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवायचा हक्क कार्डधारकाला मिळाला, तोही चोवीस तास. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत सामान्य ग्राहकाच्या हाती आलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि दहातले आठ जण ती उघडूनही पाहत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. नमुना घ्यायचा असेल त्या दिवशी परदेशी वापर चालू करा, मर्यादा ३,००० रुपये ठेवा, पैसे भरा, लगेच बंद करा. व्हर्च्युअल कार्डाचं निम्मं काम या बटणाने होतं, आणि त्याला वेगळं काहीच घ्यावं लागत नाही.

तुमचा व्यवसाय वाढतोय असं पत्रावरून दिसतं, म्हणून आणखी एक सुचवते. तुमच्या स्वतःच्या नावावर २०-२५ हजारांची मुदत ठेव करा आणि तिच्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ठेवीवर व्याज मिळत राहतं आणि कार्डाची मर्यादा ठेवीएवढी किंवा तिच्याहून थोडी कमी असते. सुतं, लोकर, नमुने, सगळी खरेदी त्यावर. मिस्टरांच्या कार्डाला हात लावायची गरज नाही. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरा. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, त्यापुढे तोरणाचा नफा टिकणार नाही.

शेवटचं : कार्डाचा नंबर मेला म्हणून करार मरत नाही. व्हर्च्युअल नंबराने ‘फुकट सात दिवस’ घेतले आणि नंबर संपू दिला, तर पैसे जाणार नाहीत, पण विक्रेत्याच्या वहीत तुम्ही सभासद आणि थकबाकीदार राहाल. रद्द करायचं ते रद्दच करा.

*

प्रश्न : मी नागपूरला शिकतो. व्हर्च्युअल कार्डाने हॉटेल बुक केलं तर चालेल का? आणि वस्तू परत केली तर पैसे कुठे येतात, नंबर तर संपलेला असतो. — एक विद्यार्थी

उत्तर : हॉटेल, विमानाचं तिकीट, भाड्याची गाडी, जिथे पोचल्यावर ‘ज्या कार्डाने पैसे भरले ते दाखवा’ म्हणण्याची शक्यता आहे, तिथे व्हर्च्युअल कार्ड वापरू नकोस. रात्री अकराला काउंटरवर वाद घालायची वेळ येते. हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवतात, तीही संपलेल्या नंबरावर अडवता येत नाही.

परतावा बहुतेक वेळा नीट येतो. बँकेला ठाऊक असतं की हा नंबर कोणत्या खात्यातून निघाला होता, ती रक्कम त्या खात्यात वळवते. वेळ थोडा जास्त लागतो. ऑर्डर क्रमांक आणि त्या व्हर्च्युअल नंबराचे शेवटचे चार आकडे लिहून ठेव, कारण तक्रार करायची झाली तर बँक पहिल्यांदा तेच विचारते आणि तोवर ते पडद्यावरून गेलेले असतात. गिफ्ट कार्डाने खरेदी केली असेल तर मात्र सांभाळून. त्याच्यामागे खातं नसतं, परतावा त्याच कार्डात जातो. पैसे संपले म्हणून ते टाकून देऊ नकोस.

*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, चिपळूण. खातं इथल्या सहकारी बँकेत. काल दुपारी फोन आला. ‘तुमचं सुरक्षित व्हर्च्युअल कार्ड मंजूर झालंय, चालू करायला ओटीपी सांगा.’ सुरक्षित म्हणाला म्हणून सांगितला. १८,५०० गेले. घरी कुणाला सांगितलेलं नाही. आता काय? — एक वाचक

उत्तर : सर, तुमचं पत्र ईमेलने आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला उत्तर पाठवलं. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

पहिला फोन १९३० ला. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथेच गोठवता येतात. पहिले काही तास सोन्याचे असतात. घरी सांगायला लाजण्यात ते घालवू नका. दुसरा फोन बँकेला : कार्ड ब्लॉक, नेटबँकिंग बंद आणि तक्रार क्रमांक. तो क्रमांक आणि फोन केल्याची वेळ कागदावर लिहा, दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसाच आदेश गेला, तेव्हा ‘आम्ही छोटी बँक, आम्हाला लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमची आणि बँकेची चूक नसताना, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून गळती होऊन पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणाप्रमाणे.

ओटीपी स्वतः सांगितला असेल तर नियम कडक आहे : कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. पण त्याच नियमात पुढचं वाक्यही आहे : कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चोर एकदा घेऊन थांबत नाही, संध्याकाळी पुन्हा हात घालतो. म्हणून तुमच्या फोनची वेळ महत्त्वाची. महिनाभरात बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

व्हर्च्युअल कार्ड कुणी फोनवरून ‘चालू करून’ देत नाही. ते आपण, आपल्या हाताने, आपल्याच ॲपमध्ये तयार करतो. बँकेला तुमचा ओटीपी कधीही लागत नाही, तो बँकेनेच पाठवलेला असतो.

आणि सर, घरी सांगा. इतकी वर्षं शाळेत मुलांच्या चुका तुम्ही पोटात घातल्या असतील. घरची माणसं तुमची एक पोटात घालतील.

*

प्रश्न : मी डब्लिनला असतो. इथे माझ्या रेव्होल्यूट या ऑनलाइन बँकेच्या ॲपमध्ये डिस्पोजेबल कार्ड मिळतं. एकदा वापरलं की नंबर आपोआप बदलतो. नाशिकला आई-बाबांना असं काही का मिळत नाही? तिथल्या साइट सारख्या ‘कार्ड सेव्ह करा’ म्हणतात, मला काळजी वाटते. — एक वाचक

उत्तर : तुमच्याकडचं ते कार्ड चांगलं आहे, वापरत राहा. आपल्याकडे त्याची तितकी मागणी झाली नाही, याचं मुख्य कारण ओटीपी. दुसरं कारण टोकन. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला बंदी आहे. ‘सेव्ह करा’ म्हटल्यावर त्याच्याकडे राहतं ते टोकन, म्हणजे नंबराऐवजी दिलेला एक बदली आकडा, जो फक्त त्या कार्डासाठी आणि त्याच दुकानात चालतो. उद्या त्याची वही फुटली तरी चोराला त्या टोकनाचा दुसऱ्या दुकानात उपयोग नाही. ओळखीसाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच तो ठेवू शकतो. म्हणजे आई-बाबा औषधं किंवा किराणा मागवतात त्या नेहमीच्या मोठ्या साइटवर कार्ड सेव्ह केलं तर घाबरण्यासारखं नाही. अनोळखी साइटवर मी स्वतः करत नाही. तिथे माल घरी आल्यावर रोख देते, आणि तशी सोय नसेल तर घेतच नाही. साइटच खोटी असेल तर व्हर्च्युअल कार्ड काय, कुठलंच कार्ड साडी घरी आणून देत नाही. फक्त ठरवलेल्या रकमेपलीकडे नुकसान होत नाही, इतकंच.

दिवाळीत घरी याल तेव्हा अर्धा तास काढा. बाबांच्या पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड घ्या आणि त्याचा परदेशी वापर आणि ऑनलाइन वापर दोन्ही बंद करा. एटीएमपुरतं ठेवा. ऑनलाइन खरेदीसाठी कमी मर्यादेचं दुसरं कार्ड.

पण त्याआधी एक तपासा. परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी मला हे फार वेळा आढळलं आहे : खातं उघडताना आई-बाबांना मोबाइल नव्हता, म्हणून बँकेत मुलाचा जुना भारतातला नंबर लावलेला. मुलगा गेला, रिचार्ज थांबला, नंबर बंद पडला, काही दिवसांनी कंपनीने तो दुसऱ्याच कुणाला दिला. खात्याचे सगळे मेसेज आता त्या तिसऱ्या माणसाला जातात आणि आई-बाबांना पैसे गेलेले पासबुक भरल्यावर कळतं. तुमच्या घरी तसं असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. आजच आईला फोन करा. उद्या पासबुक, आधार आणि स्वतःचा मोबाइल घेऊन दोघं शाखेत जाऊ देत, नंबर बदलायचा अर्ज भरू देत. पहिला मेसेज आईच्या फोनवर आला की तुम्हाला कळवायला सांगा.